लेड झेपलिन: तुमची आवडती गाणी कोणती? (‘स्टेअरवे’ सोडून)

उंडगा

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. इथे गझलेवर धागे आहेत, नाट्यसंगीतावर आहेत, मिसळीवर तर पानंच्या पानं आहेत, पण झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडवर एकही नाही. हा अन्याय दूर करतोय.

नियम एकच. ‘स्टेअरवे टू हेवन’ बाद. त्या गाण्याशी वैर नाही. पण ते यादीत आलं की पुढची चर्चा संपते. गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात तेच वाजवतो, कॉलेजच्या रॉक स्पर्धेत तीन बँड तरी तेच घेऊन येतात, आणि बँडची बाकी आठ अल्बमभर पसरलेली गाणी कोपऱ्यात पडून राहतात.

माझी यादी (क्रम आजचा, उद्या बदलेल):

‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’. १९७० चा तिसरा अल्बम. संथ ब्लूज, आणि पेजची गिटार जवळजवळ बोलते. हेडफोन लावून ऐकलंत तर ड्रमर बॉनमच्या बास ड्रमच्या पेडलची कुरकुर ऐकू येते. तेल घातलेलं नव्हतं बहुतेक. ती कुरकुर काढून टाकलेली आवृत्ती कुणी दिली तर मी घेणार नाही.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. यावर सविस्तर कुणीतरी लिहा, मला फक्त आवाज वाढवता येतो.

‘टेन यर्स गॉन’. गिटारींचे थरावर थर. ‘फिजिकल ग्राफिटी’तलं सगळ्यात हळवं गाणं.

‘नो क्वार्टर’. रात्री, दिवे बंद. बास-कीबोर्डवाल्या जोन्सचा इलेक्ट्रिक पियानो पाण्याखालून येतोय असं वाटतं.

‘रॅम्बल ऑन’. यातला बास नीट ऐका.

आणि एक मत, ज्यावर भांडण अपेक्षित आहे: झेपलिन हा गिटारवाल्याचा बँड नाहीच. पोस्टरवर पेज असतो, पण गाणी उभी आहेत ती जॉन बॉनमच्या ड्रम्सवर. २५ सप्टेंबर १९८० ला तो गेला आणि डिसेंबरात बाकी तिघांनी बँड बंद केला. दुसरा ड्रमर आणून गाडं पुढे रेटलं नाही. त्यांना स्वतःलाच माहीत होतं.

लिहा आता. पाच गाणी, आणि का ते.

काडीवाला

पहिला! आणि माझं उत्तर: १. स्टेअरवे टू हेवन. २. स्टेअरवे टू हेवन (लाइव्ह).

उंडगा

काडीवाला, तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

मीनल_जो

धागा आवडला, नियम नाही आवडला. उंडग्या, तुझं मत आणि तुझा नियम यांचं आपापसात जमत नाही बघ.

बॉनमवर सगळं उभं आहे म्हणतोस ना? मग ‘स्टेअरवे’ हाच त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. गाणं आठ मिनिटांचं. सुरुवातीला नुसती गिटार आणि जोन्सचे रेकॉर्डर. बॉनम येतो तो चार मिनिटं उलटून गेल्यावर. अर्ध्याहून अधिक गाणं हा माणूस हात बांधून बसलाय! कुठल्याही दुसऱ्या ड्रमरने दीड मिनिटातच झांजेवर काहीतरी खुळखुळ सुरू केली असती. तो आल्यावर गाण्याचं वजनच बदलतं, आणि ते तो इतका वेळ थांबला म्हणून.

आपण गाण्याला कंटाळलो यात गाण्याचा काय दोष? गिटारच्या दुकानात टेस्टिंगला येऊन तेच वाजवणाऱ्या पोरांचा आहे.

जुना_गिरगावकर

मीनलताईंशी सहमत. मी तर म्हणेन हा नियम म्हणजे निव्वळ शिष्टपणा.

तिरकिट

मी तबल्याचा विद्यार्थी (वय विचारू नका), रॉक पोराच्या खोलीतून भिंतीपलीकडून ऐकलंय. बहुतेक डोक्यावरून जातं. पण एक दिवस ‘काश्मीर’ लागलं होतं आणि हात आपोआप मांडीवर मात्रा मोजायला लागला. मोजता मोजता गडबड व्हायला लागली, तेव्हा पोराला म्हटलं, पुन्हा लाव.

गंमत अशी आहे. ड्रम सरळ चार मात्रांत चाललाय. ठाय, जड, जराही हलत नाही. आणि वर गिटार-व्हायोलिनांची जी चढत जाणारी ओळ आहे, ती तीन मात्रांची. म्हणजे पहिल्या मात्रेला दोघं बरोबर निघतात, चौथ्या मात्रेला गिटारची ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते पण ड्रमचं आवर्तन अजून संपलेलं नसतं. ओळ चारदा होते, ड्रम तीनदा होतो, आणि बाराव्या मात्रेनंतर दोघं एकत्र समेवर येतात. मग पुन्हा तेच.

आपल्याकडे लयकारीत हे रोजचं आहे, त्यामुळे नवल त्याचं नाही. नवल याचं की ड्रमर कुठेही आपली हुशारी दाखवायला जात नाही. साथीला बसलेला माणूस ठेका सोडून हात दाखवायला लागला की गाणं मरतं. या माणसाने साडेआठ मिनिटं ठेका धरलाय. उंडगा यांच्या मताला माझं अनुमोदन. बाकी चार गाणी ऐकून सांगतो.

काडीवाला

म्हणजे ‘काश्मीर’ एकतालात आहे? शीर्षक बदला, शास्त्रीय संगीत विभागात हलवा.

तिरकिट

अहो, मात्रा बारा झाल्या म्हणून एकताल होत नाही. खंड वेगळे, ठेका वेगळा, टाळी-खाली काहीच नाही. पण तुम्हाला ते माहीत आहे, तुम्ही काडी टाकताय.

वाळवंटी

तिरकिट काकांचा प्रतिसाद वाचून आत्ता ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मोजून बघितलं. डाव्या हाताने चार, उजव्याने तीन. बॉसने विचारलं, काही म्हणायचंय का?

अवांतर: ‘काश्मीर’ लिहिलं तेव्हा चौघांपैकी कुणी काश्मीर बघितलेलं नव्हतं. गायक प्लांटला शब्द सुचले ते १९७३ मध्ये मोरोक्कोच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडीतून जाताना. मी राहतो तिथे तसेच रस्ते आहेत. शुक्रवारी पहाटे रिकाम्या हायवेवर हे गाणं लावून बघा, नावाकडे लक्षही जात नाही. माझा नंबर एक हाच.

ध्वनीवेडा

‘लेव्ही’बद्दल मी लिहितो. रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे हे गाणं म्हणजे आमचं तीर्थक्षेत्र.

जागा: हेडली ग्रेंज, हॅम्पशायर. १७९५ मध्ये गरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली जुनी, थंडगार, मोठी इमारत. बँड तिथे राहायला गेला आणि रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग व्हॅन बाहेर उभी केली. तोवर सर्वसाधारण पद्धत अशी की ड्रम बंदिस्त खोलीत ठेवायचे, भिंतींना जाड कापड वगैरे लावून आवाज मारायचा आणि माइक ड्रमच्या अगदी तोंडाशी लावायचे. इथे इंजिनिअर अँडी जॉन्सने उलटं केलं. ड्रमसेट तळमजल्याच्या उंच दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला, आणि दोनच माइक वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडले. बस्स. बास ड्रमला वेगळा माइक नाही, स्नेअर ड्रमला नाही.

म्हणजे तुम्ही ऐकता तो नुसता ड्रम नाही, तो अख्खा जिना आहे. काठी पडते, आवाज वर जातो, छताला लागतो, परत येतो. त्यावर एको मशीनचा हलका पाठलाग, आणि कॉम्प्रेसरने सगळं दाबून घट्ट केलेलं. शिवाय पूर्ण गाणं टेप थोडी सावकाश करून खाली उतरवलंय, म्हणून तो चिखलातून चालल्यासारखा जडपणा.

आता खरी गोष्ट. ही युक्ती कळल्यावर जगभरातल्या लोकांनी जिन्यात ड्रम ठेवून बघितले. आम्हीही बघितले, एका जुन्या वाड्याच्या जिन्यात. आवाज मोठा आला, शेजारी आले, पण ‘लेव्ही’ काही आलं नाही. कारण दोन माइक ठेवायचे तर वाजवणाऱ्याच्या हाताचं मिश्रण आधीच बरोबर लागतं. झांज जोरात पडली तर नंतर कमी करता येत नाही, वेगळा ट्रॅकच नसतो. बॉनम झांजेवर हलका आणि पायावर भारी होता. मिक्सिंग तो स्वतःच करत होता, काठ्यांनी.

१९८६ ला बीस्टी बॉइजनी आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवातच हा ठेका उचलून केली, आणि मग हिप हॉपवाल्यांनी तो सोडलाच नाही.

उंडगा

दंडवत. यासाठीच धागा काढला होता.

मीनल_जो

“तो अख्खा जिना आहे.” व्वा.

आणि बघा, शेवटी जिन्यापाशीच आलात ना सगळे? ;)

काडीवाला

मीनलताईंनी सामना खिशात घातला. धागा बंद करा.

परखड_पंत

सगळं छान चाललंय, पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. या बँडने अर्ध्या चाली उचललेल्या आहेत.

‘होल लॉटा लव्ह’: विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’वरून. १९८५ मध्ये त्याने दावा लावला, मग तडजोड झाली आणि नाव दिलं गेलं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’: जेक होम्स नावाच्या गायकाचं १९६७ चं गाणं, त्याच नावाचं! पहिल्या अल्बमवर श्रेय फक्त पेजला. ‘बेब आय अॅम गॉना लीव्ह यू’: अॅन ब्रेडन. तिला तर बरीच वर्षं पत्ताच नव्हता. वर ‘लेव्ही’चं एवढं गुणगान झालं, ते मूळ मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. तिथे निदान मिनीचं नाव तरी छापलंय.

काळ्या ब्लूजवाल्यांनी फाटक्या खिशाने गाणी केली आणि या पोरांनी खासगी विमानातून फिरून पैसे मिळवले. यादी करताना एवढं लक्षात असू द्या.

जुना_गिरगावकर

पंत, मग आपल्याकडे काय वेगळं आहे? एकच बंदिश शंभर गवई गातात. प्रत्येकाचं गाणं वेगळं. ‘लेव्ही’चं मूळ रेकॉर्डिंग ऐका, दोन गिटारी आणि गाणं, सुंदरच आहे. पण त्यात हा जिना कुठे आहे? चाल उचलली म्हणजे गाणं उचललं असं नसतं.

परखड_पंत

गिरगावकर, बंदिश गाणारा गवई ‘ही मी बांधली’ म्हणून स्वतःचं नाव छापून त्यावर रॉयल्टी घेतो का? उलट ‘अमुक घराण्याची, तमुक बुवांची’ सांगून कानाला हात लावतो. फरक तिथे आहे. माझी तक्रार गाण्याबद्दल नाही, लेबलवरच्या छापील नावाबद्दल आहे.

तिरकिट

पंतांचा मुद्दा रास्त आहे. कानाला हात लावण्याची किंमत शून्य असते, म्हणून आपल्याकडे ते सोपं असतं असंही म्हणता येईल. पण रास्त आहे.

खर्जातला

‘स्टेअरवे’वरही खटला झालाच की. स्पिरिट बँडच्या ‘टॉरस’ या वाद्यसंगीतावरून सुरुवातीचे सूर घेतले असा दावा होता. २०१६ मध्ये ज्युरीने झेपलिनच्या बाजूने कौल दिला, २०२० मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला. उतरत जाणारा तो खर्ज इतका जुना आहे की त्यावर कुणाचीच मालकी सांगता येत नाही. पंतांच्या यादीतली बाकीची उदाहरणं मात्र पक्की आहेत, मान्य.

आता माझा मुद्दा. इतके प्रतिसाद झाले आणि जॉन पॉल जोन्सचं नाव येतं ते ओझरतं. मी बास वाजवतो, त्यामुळे हे नेहमीचंच दुःख. ‘ब्लॅक डॉग’ची ती आडवीतिडवी रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ) कुणाची? जोन्सची. ‘काश्मीर’मधल्या व्हायोलिनांची मांडणी? जोन्स. ‘गोइंग टू कॅलिफोर्निया’तलं मँडोलिन? जोन्स. ‘रेन साँग’मधला मेलोट्रॉन (टेपवरून वाद्यांचे आवाज काढणारा कीबोर्ड)? जोन्स. बँडच्या आधी तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांसाठी वाद्यवृंद लिहून पोट भरत होता, स्टोन्सच्या ‘शी इज अ रेनबो’मधली व्हायोलिनंही त्यानेच लिहिलेली.

माझी पाच: ‘द लेमन साँग’ (बाससाठी), ‘रॅम्बल ऑन’ (बाससाठी), ‘ब्लॅक डॉग’ (रिफसाठी), ‘नो क्वार्टर’ (कीबोर्डसाठी), ‘अकिलीज लास्ट स्टँड’ (घोडदौडीसाठी, दहा मिनिटं बोटं दुखतात).

तिरकिट काका, ‘ब्लॅक डॉग’ जरूर मोजा. मजा येईल.

तिरकिट

मोजलं. तीनदा हरलो. गिटार वळणं घेत समेला हुलकावणी देते आणि ड्रमवाला खाली सरळ चार धरून बसलाय, त्यामुळे मध्ये वाटतं आता हे नक्की चुकले. मग एकदम जागेवर येतात. पोराने एक गोष्ट दाखवली: गाणं थांबतं, गायक एकटा गातो, आणि रिफ पुन्हा सुरू व्हायच्या आधी ड्रमच्या काठ्यांची बारीक टकटक ऐकू येते. मोजून इशारा देतोय तो बाकीच्यांना. ते त्यांनी पुसलेलं नाही. आमच्याकडे गवई तबलजीकडे नुसती मान वळवतो तसं.

‘रॉक अँड रोल’ची सुरुवातही तशीच फसवी. ड्रमवर एकटाच सुरू होतो आणि सम कुठे आहे ते गिटार आल्यावर कळतं.

सायली_आई

इथले सगळे प्रतिसाद वाचतेय. मला मात्रा कळत नाहीत आणि प्लांटचं किंचाळणं सहन होत नाही, आधीच सांगते. लेक दहावीत असताना ‘इमिग्रंट साँग’ सकाळी सहाला अलार्म म्हणून लावायची. तो आरडाओरडा ऐकून सासूबाई देवघरातून बाहेर यायच्या.

पण तिनेच एकदा ‘गोइंग टू कॅलिफोर्निया’ ऐकवलं आणि मी म्हटलं हा तोच माणूस? मग ‘द रेन साँग’. मग ‘दॅट्स द वे’. ‘रेन साँग’ पावसाळ्यात दुपारी लावते, पहिली सर पडून गेल्यावर. ओरडण्याचा भाग येतो शेवटाकडे, तो तेवढा चालवून घेते.

लेक म्हणते आई, तू झेपलिनची अर्धीच चाहती आहेस. असू दे.

खर्जातला

ताई, ‘रेन साँग’मागे एक किस्सा आहे. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन बॉनमला म्हणाला होता, तुमचा प्रॉब्लेम असा आहे की तुम्ही कधी संथ, हळुवार गाणी करत नाही. हे ऐकून पेजने ‘रेन साँग’ बांधलं, आणि सुरुवातीच्या सुरांत हॅरिसनच्याच ‘समथिंग’ची झलक ठेवली. चिमटा काढायची पद्धत बघा.

गतिमान_गणू

तुम्ही काहीही म्हणा, डीप पर्पल > लेड झेपलिन.

काडीवाला

आले. पर्पलवाले आले. मी पॉपकॉर्न आणतो.

उंडगा

गणू, हा धागा त्यासाठी नाही. तुझा वेगळा काढ.

गतिमान_गणू

‘हायवे स्टार’मधल्या ऑर्गनसमोर झेपलिनचं एक तरी गाणं ठेव. वाट बघतो.

खर्जातला

गणू, ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’मधला ऑर्गन ऐक. तोही जोन्सच. वेगात नाही, पण वेग हाच निकष असेल तर मिक्सर-ग्राइंडरही रॉक बँड ठरेल.

जुना_गिरगावकर

भांडण बाजूला ठेवून मुंबईची गोष्ट सांगतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कॉन्सर्टसाठी नाही. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. तबला, व्हायोलिनं, सगळा आपला ताफा. कुलाब्यात ‘स्लिप डिस्क’ नावाचा डिस्को होता, तिथे एका रात्री दोघांनी स्टेजवर चढून वाजवलंही.

मी तेव्हा कॉलेजात होतो, गिरगावातून कुलाबा काही लांब नाही, आणि मला याचा गंधही नव्हता. आमच्याकडे रेडिओ सिलोन आणि शेजारच्या पारशी मित्राच्या तबकड्या एवढाच पुरवठा. कळलं ते खूप नंतर. आजही कुलाब्यातून जाताना थोडी चिडचिड होते.

ती रेकॉर्डिंगं चाळीसहून अधिक वर्षं चोरट्या कॅसेटींवरच फिरत होती. २०१५ मध्ये ‘कोडा’ अल्बम नव्याने काढला तेव्हा अधिकृतपणे आली, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाखाली. ‘फ्रेंड्स’ तर असं बेमालूम बसलंय की मूळ गाणं इथलंच वाटावं. माझ्या पाचात ते पहिलं.

तिरकिट

हे माहीत नव्हतं! आत्ता ऐकलं. ‘फ्रेंड्स’ सहज जमलंय. ‘फोर स्टिक्स’मध्ये मात्र पाच आणि सहा मात्रांचे तुकडे आलटून पालटून येतात, तिथे वादक थोडे सांभाळून वाजवताहेत असं कानाला लागलं. आपल्याकडचा माणूस अकरा मात्रा म्हणून घेईल आणि समेकडे बघत बसेल. यांच्याकडे सम हा प्रकारच तसा नाही. मोजणी जमते, वळण जमत नाही.

ध्वनीवेडा

काका, मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या होत्या, म्हणून नाव ‘फोर स्टिक्स’. आणि ‘रॉक अँड रोल’ हे याच गाण्याच्या वैतागातून जन्मलं. ‘फोर स्टिक्स’ काही केल्या बसत नव्हतं, तेव्हा बॉनमने मध्येच लिटल रिचर्डच्या एका गाण्याची सुरुवात वाजवली, पेजने त्यावर रिफ धरली, आणि थोड्या वेळात गाणं तयार.

तबला हवा असेल तर पहिल्याच अल्बमवर, १९६९ मध्ये, ‘ब्लॅक माउंटन साइड’ ऐका. वाजवलाय विराम जसानी यांनी.

परखड_पंत

आणि ती चालही बर्ट यान्शच्या ‘ब्लॅकवॉटरसाइड’वरून आहे. फक्त सांगून ठेवतो.

काडीवाला

पंत, तुम्ही झोपता कधी?

मीनल_जो

‘ब्लॅक माउंटन साइड’ वाजवायचं असेल त्यांच्यासाठी: गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावायची. म्हणजे सर्वांत जाड तार, आणि खालच्या दोन बारीक तारा, प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरवायच्या. मधल्या तिघींना हात लावायचा नाही. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या की तंबोऱ्यासारखा गुंजारव येतो, कारण सा आणि प भरपूर असतात. ‘काश्मीर’ही याच जुळणीतलं. एकदा तशी लावली की परत नेहमीची लावायचा कंटाळा येतो. माझी एक गिटार कायमची तशीच आहे.

कार्डिफकर

उशिरा पोचलो. वेल्समधून लिहितोय, म्हणून तिसऱ्या अल्बमची बाजू मांडणं माझं कर्तव्य.

१९७० मध्ये दौऱ्यांनी पिचून गेल्यावर पेज आणि प्लांट इथल्या डोंगरात ब्रॉन-इर-ऑर नावाच्या दगडी घरात येऊन राहिले. वीज नाही, नळाचं पाणी नाही. शेकोटी आणि अकुस्टिक गिटारी. सायलीताईंचं ‘दॅट्स द वे’ तिथलंच. अल्बम आला तेव्हा पुष्कळ समीक्षकांनी आणि चाहत्यांनी नाकं मुरडली, यांना अजून एक ‘होल लॉटा लव्ह’ हवं होतं. ते घर आजही आहे, पण खासगी आहे, लोक राहतात. भिंतीला मिठी मारायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

डिसेंबर २००७ मध्ये लंडनच्या ओ टू अरेनामध्ये पेज, प्लांट, जोन्स आणि ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन असा कार्यक्रम झाला. तिकिटं सोडतीने. अर्ज मीही केला होता आणि पुढचं काही सांगण्यासारखं नाही. ‘सेलिब्रेशन डे’ नावाने चित्रफीत आहे, त्यातलं ‘काश्मीर’ बघा. जेसनच्या चेहऱ्याकडे बघा विशेषतः.

माझी भर: ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’. सँडी डेनी प्लांटबरोबर गाते. बँडच्या अल्बमवर गाणारी ती एकमेव पाहुणी. १९९४ मध्ये पेज-प्लांटनी हेच गाणं नजमा अख्तर यांच्याबरोबर केलं, त्यात तिच्या हरकती अशा येतात की मूळ चाल आपल्याच बाजूची वाटायला लागते.

वाळवंटी

‘ऑल माय लव्ह’ कुणाच्याच यादीत नाही? १९७७ मध्ये प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा कॅरक आजाराने गेला, तेव्हा बँड अमेरिकेत दौऱ्यावर होता. दौरा तिथेच थांबला. हे गाणं त्याच्यासाठीचं, १९७९ च्या अल्बमवर. ‘मऊ झालेत, सिंथेसायझर वाजवतात’ म्हणून पुष्कळ चाहते या अल्बमला नावं ठेवतात. मला मुलगा झाल्यापासून मी ते ऐकून घेत नाही.

सायली_आई

ऐकलं आत्ता. धन्यवाद वाळवंटी.

नवखा_पुणेकर

मी झेपलिन अजिबात ऐकलेलं नाही. इथपर्यंत वाचून डोकं गरगरलं. सुरुवात कुठून करू? एकच सांगा.

उंडगा

चौथा अल्बम, १९७१. मुखपृष्ठावर ना नाव, ना बँडचा उल्लेख, फक्त पाठीवर मोळी घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र. सुरुवात ते शेवट, न थांबता. गाणी फक्त आठ आहेत.

मीनल_जो

“सुरुवात ते शेवट, न थांबता.” म्हणजे चौथं गाणंही?

उंडगा

पाहुण्यांना सवलत आहे.

काडीवाला

नवखा, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस. ध्वनीवेडा घरी येईल.

नवखा_पुणेकर

ऐकला. ‘लेव्ही’ दोनदा ऐकलं. चौथं गाणं खरंच चांगलं आहे हो, तुम्ही का बंदी घातलीत कळलं नाही.

जुना_गिरगावकर

बाळाच्या मुखातून सत्य.

खर्जातला

कुणी ‘फूल इन द रेन’चं नाव घेतलं नाही अजून. तिरकिट काका, त्याचा ठेका मोजा आणि कळवा. मधल्या काड्यांचे इतके हलके ठोके आहेत की मला अजून सगळे सापडलेले नाहीत.

तिरकिट

पोराची परीक्षा आहे, खोली बंद आहे. सोमवारनंतर सांगतो. तोवर माझी पाच लिहून घ्या: ‘काश्मीर’, ‘ब्लॅक डॉग’, ‘लेव्ही’, मुंबईचं ‘फ्रेंड्स’, आणि ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. शेवटच्यात तो एकाच पायाने, एकाच पेडलवर जे तिप्पट ठोके काढतो, ते आम्हाला हाताने काढायला वर्षं लागतात.

गतिमान_गणू

डीप पर्पलचा धागा काढलाय. ‘स्मोक ऑन द वॉटर’ सोडून पाच गाणी सांगा.

काडीवाला

१. स्मोक ऑन द वॉटर.